भागानगरची कोठी

हैदराबाद, म्हणजे जुन्या मराठी कागदपत्रांतील भागानगर. या नगरीत मुसा नदीच्या उत्तरेकडील एका गजबजलेल्या वस्तीस ‘कोठी’ म्हणतात. हे नाव मुळात एका घराचे होय, हे तेथून नित्य जाणाऱ्या पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. इंग्रज वकिलाची, अर्थात रेसिडेंटाची, कोठी ती हीच. ‘वस्’ धातूपासून ‘वास्तु’ शब्द सिद्ध होतो. या वास्तूत कोण वसले आणि कोणाचे वसतिस्थान नाहीसे झाले, हाच तिचा इतिहास आहे.

तिचा पाया शोधावयाचा तर खर्ड्यास जावे लागते. इ. स. १७९५ च्या मार्च महिन्यात मराठ्यांनी तेथे निजाम अलीचा पराभव केला. इंग्रज त्या वेळी तटस्थ राहिले. रुष्ट झालेल्या निजामाने त्यांच्या पलटणी दूर केल्या व रेमाँ या फ्रेंच सरदाराची फौज वाढविली. परंतु त्याच वर्षी सवाई माधवराव निवर्तले, पुण्यास गादीचा कलह माजला, आणि तेथे ओलीस असलेला निजामाचा दिवाण त्या गोंधळात सुटून परतला. १७९८ मध्ये रेमाँ वारला. सप्टेंबरात निजामाने इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. ऑक्टोबरात फ्रेंच पलटणी निःशस्त्र झाल्या. खर्ड्याच्या विजयाचा अभिमान आपण बाळगतो, तो रास्तच आहे. पण त्याचे फळ तिसऱ्याच्या पदरी पडले, हे ही कोठी पाहिल्यावर नाकारता येत नाही.

तो तह घडवून आणणारा रेसिडेंट जेम्स कर्कपॅट्रिक यानेच १८०३ च्या सुमारास बांधकाम आरंभिले. खर्च निजाम सरकारचा! जागेचा भलामोठा नकाशा पाहून निजामाने प्रथम नकार दिला, तोच नकाशा चिमुकल्या कागदावर काढून नेताच संमती दिली, अशी आख्यायिका आहे. दर्शनी सहा उत्तुंग स्तंभ, रुंद पायऱ्या व त्यांच्या दोहों बाजूंस सिंह, अशी ही रचना. कर्कपॅट्रिकने येथील खैरुन्निसा बेगमेशी मुसलमानी पद्धतीने विवाह केला होता. तिच्यासाठी आवारात निराळा रंगमहाल बांधला. १८०५ मध्ये तो कलकत्त्यास मरण पावला. पुढे १८६० च्या सुमारास रंगमहालही पाडण्यात आला.

१७ जुलै १८५७ रोजी तुर्रेबाज खान व मौलवी अलाउद्दीन यांनी कोठीवर हल्ला चढविला, पण तो फसला. त्याआधीच, १८५३ च्या तहाने, वऱ्हाड इंग्रजांच्या हाती गेला होता. १९०३ मध्ये तो मध्यप्रांतास जोडला जाईपर्यंत अमरावती-अकोल्याच्या कारभारातला वरिष्ठ अधिकार याच घरात राहणाऱ्या रेसिडेंटाकडे होता. वऱ्हाडच्या कुणब्याने हे घर कधी पाहिलेही नसेल! १९३३ मध्ये भोवतालचे बाजार निजामाकडे परत गेले व त्यांस सुलतान बाजार नाव पडले. मराठी मंडळींची विवेकवर्धिनी ही १९०७ ची संस्था येथून जवळच, जामबागेत आहे.

१९४९ मध्ये उस्मानिया विद्यापीठाचे महिला महाविद्यालय या कोठीत आले. २०२२ मध्ये त्याचे विद्यापीठ झाले. मधल्या काळात वास्तु अत्यंत जीर्ण झाली होती. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाच्या साहाय्याने तिचा जीर्णोद्धार झाला. पडद्यात राहणाऱ्या बेगमेस कोठीचा दर्शनी भाग पाहता यावा म्हणून कर्कपॅट्रिकने तिच्या बागेत एक लहानशी प्रतिकृती करविली होती, असे सांगतात. रंगमहाल गेला, ती प्रतिकृती मात्र अद्याप उभी आहे, व तिचीही डागडुजी करण्यात आली आहे.