गॉसिपखाली नाव होतं तेव्हा

पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात 'फिल्मइंडिया'चे जुने अंक हातात आले की मी आधी 'एडिटर्स मेल' उघडते. चित्रकार एस. एम. पंडितांची मुखपृष्ठं, परीक्षणं, जाहिराती सगळं नंतर. वाचकांनी काहीही विचारावं, नटनट्यांच्या खासगी आयुष्यापासून राजकारणापर्यंत, आणि संपादक बाबूराव पटेलांनी एकदोन ओळींत झोडपून काढावं, असं ते सदर. देशभरातले लोक ते आधी वाचत.

बाबूराव मूळचे पालघरजवळच्या मासवणचे. एप्रिल 1935 मध्ये त्यांनी हे इंग्रजी मासिक मुंबईत सुरू केलं. 'बॉम्बे कॉलिंग' हे कुजबुजीचं सदर 'ज्यूडास' या टोपणनावानं तेच लिहीत.

ते निःपक्षपाती अजिबात नव्हते. 'द्रौपदी' (1944) आणि 'ग्वालन' (1946) हे चित्रपट त्यांनी स्वतः दिग्दर्शित केले, दोन्हींत नायिका त्यांच्या पत्नी सुशीलाराणी. म्हणजे जो माणूस स्वतः चित्रपट काढत होता, तोच महिन्याच्या महिन्याला इतरांच्या चित्रपटांचा निकाल लावत होता. नट्यांच्या रूपावर आणि शरीरावर त्यांनी जे लिहिलं, ते वाचताना मला आजही संताप येतो. त्याला विनोदी शैली म्हणून माफ करणारे लोक भेटतात. मी करत नाही. मात्र 1938 मध्ये 'द ड्रम'सारख्या भारतीयांना हिणवणाऱ्या परदेशी चित्रपटाविरुद्ध रान उठवणारी लेखणीही हीच होती.

तरी त्या काळच्या वाचकाच्या हातात एक गोष्ट होती. टोपणनाव असलं तरी हे कोण लिहितंय, त्याचे हितसंबंध कुठे गुंतलेत, हे त्याला ठाऊक होतं. पटलं नाही तर त्याच पत्त्यावर पत्र टाकता येत होतं. अभिनेत्री शांता आपटे छडी घेऊन बाबूरावांच्या कार्यालयात शिरल्या, ही हकिकत चित्रपटसृष्टीत अजून सांगतात. मारहाणीचं समर्थन मी करणार नाही, पण जाब कुणाला विचारायचा हे त्यांना माहीत होतं.

सत्तरच्या दशकात पत्रकार देवयानी चौबळ 'स्टार अँड स्टाइल'मध्ये 'फ्रँकली स्पीकिंग' हे सदर लिहीत होत्या. इंग्रजीत हिंदी बिनदिक्कत मिसळणारी त्यांची भाषा पुढे कितीजणांनी उचलली! राजेश खन्नांकडे त्यांचा ओढा होता आणि तो कुणापासून लपलेला नव्हता. वाचक तेवढं वजा करून वाचत.

ऑक्टोबर 1971 मध्ये प्रकाशक नारी हिरांचं 'स्टारडस्ट' मासिक आलं. संपादक होत्या तरुण शोभा राजाध्यक्ष, म्हणजे आजच्या शोभा डे. त्यातलं 'नीताज नॅटर' तुफान गाजलं. पण ही नीता म्हणजे कुणी एक बाई नव्हती, ते सदराचं नाव होतं. माझ्या मते वळण इथे आलं. पूर्वग्रह तसाच राहिला, फक्त तो कुणाचा हे सांगायची गरज उरली नाही.

पुढे एका साप्ताहिकाच्या सिनेमा पुरवणीत मी उपसंपादक होते. एका नटीच्या संसाराबद्दल फोनवरून मजकूर आला. कुणाकडून कळलं, असं मी विचारलं, तर 'सूत्रांकडून' एवढंच लिही, असं वरिष्ठांनी सांगितलं. तो मजकूर छापला गेला. तिला विचारायला कुणी गेलं नाही.

आज फोनच्या पडद्यावर येणाऱ्या बहुतेक गॉसिपच्या बातम्या त्याच घडणीच्या असतात. वाचक दर्जाबद्दल तक्रार करतात, अमक्या घराण्याची बाजू घेतली म्हणून चिडतात. तक्रार योग्यच आहे, पण ती करायची कुणाकडे? पैसे कुणी दिले, नटाची प्रसिद्धी सांभाळणाऱ्यानं मजकूर पुरवला का, हे बातमीत कुठेच नसतं.

म्हणून वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे. अशी बातमी आली की आधी लिहिणाऱ्याचं नाव शोधा. नाव नसेल तर ती पुढे पाठवू नका.