राज्यविमुख राजा, मराठी कथापरंपरेतील

राज्याची इच्छा नसताना सत्ता स्वीकारावी लागलेला, अथवा हाती आलेली सत्ता सोडून जाणारा राजा ही भारतीय कथासाहित्यातील एक प्राचीन व्यक्तिरेखा. रामायणातील भरत रामाच्या पादुका सिंहासनावर स्थापून नंदिग्रामातून कारभार पाहतो. महाभारतातील युधिष्ठिर युद्ध जिंकल्यानंतर राज्य नाकारू पाहतो. मराठीत या व्यक्तिरेखेला नाथपंथीय कथांनी निराळे रूप दिले. या कथांतील प्रमुख सिद्धांची परंपरेने मानलेली समाधिस्थाने गर्भगिरीच्या डोंगराळ परिसरात आहेत : मच्छिंद्रनाथांचे सावरगाव (मायंबा), गहिनीनाथांचे चिंचोली व जालिंदरनाथांचे येवलवाडी ही बीड जिल्ह्यात, तर कानिफनाथांचे मढी हे लगतच्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात.

या कथांचे महाराष्ट्रात सर्वाधिक प्रसृत झालेले रूप म्हणजे धुंडिसुत मालू याचा नवनाथ भक्तिसार हा ४० अध्यायांचा ओवीबद्ध ग्रंथ (शके १७४१, इ. स. १८१९). त्यातील तीन कथांत राज्यविमुखतेचे तीन प्रकार आढळतात. जालिंदर हा यज्ञकुंडातून प्रकट झालेला, बृहद्रव राजाने पुत्र म्हणून वाढविलेला बालक. विवाहाची सिद्धता सुरू होताच तो राजवाडा सोडून अरण्यात जातो. येथे राज्याचा त्याग उपभोगापूर्वीच होतो.

मच्छिंद्रनाथांची कथा याहून गुंतागुंतीची आहे. मारुतीला दिलेल्या वचनामुळे ते स्त्रीराज्यात जातात. राजवैभव त्यांनी मागितलेले नसते. परंतु एकदा स्वीकारल्यावर ते त्यांना सोडवत नाही. त्यांना परत आणण्यासाठी शिष्य गोरक्षनाथांना तेथे जावे लागते. परतीच्या वाटेवरही गुरूच्या झोळीत सोन्याची वीट असते. सत्तेची इच्छा नसणे म्हणजे तिच्या मोहापासून सुरक्षित असणे नव्हे, हे ही कथा गुरूच्याच उदाहरणाने दाखविते. प्रभात फिल्म कंपनीने व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली निर्मिलेल्या माया मच्छिंद्र (१९३२) या बोलपटाचा विषयही हाच होता.

तिसरी कथा गौडबंगालच्या गोपीचंदाची. त्याने राज्यत्याग करून योगमार्ग धरावा, हा आग्रह त्याची माता मैनावती हिचा. राजा तरुण असतो. त्याला राज्य व संसार दोन्ही प्रिय असतात. राणीच्या सांगण्यावरून तो मातेविषयी संशय धरतो आणि जालिंदरनाथांना खड्ड्यात पुरतो. पुढे कानिफनाथांच्या मध्यस्थीने राजा वाचतो, गुरूला शरण जातो व तपासाठी निघतो. पुत्र मुक्तचंद गादीवर बसतो. जोगी झालेल्या भावाला पाहून बहीण चंपावती प्राण सोडते व जालिंदरनाथ तिला पुन्हा उठवितात. त्यागाचे मूल्य केवळ त्यागी पुरुषच देत नाही, मागे राहिलेल्या स्त्रियांनाही ते द्यावे लागते, ही जाणीव या कथेच्या लोकप्रियतेचे एक कारण असावे. गोपीचंदाची गीते बंगाल, पंजाब व राजस्थानातही प्रचलित असून जॉर्ज ग्रिअर्सन यांनी माणिकचंद्राच्या गीताची बंगाली संहिता १८७८ मध्ये प्रसिद्ध केली. अकराव्या शतकातील चंद्र घराण्याचा राजा गोविंदचंद्र हाच गोपीचंद, असे काही अभ्यासक मानतात.

अंबाजोगाईच्या परंपरेत याच प्रश्नाला दुसरे उत्तर मिळते. विवेकसिंधुकार मुकुंदराज (बारावे शतक) यांची समाधी तेथे दाखविली जाते. मात्र त्यांचा काळ व स्थळ यांविषयी विद्वानांत मतभेद आहेत. ब्रह्मदर्शनाचा हट्ट धरणाऱ्या जैत्रपाळ राजाला मुकुंदराजांनी घोड्याच्या रिकिबीत पाय ठेवतानाच समाधी लावून दिली, अशी आख्यायिका आहे. या राजाला ज्ञानासाठी राज्य टाकून वनात जावे लागत नाही.

कथेतील राजा जोगी होऊन वंद्य ठरतो. इतिहासात तसे क्वचितच घडते. मराठवाड्यातच दौलताबाद येथे १३४६ मध्ये मुहम्मद तुघलकाविरुद्ध उठलेल्या अमिरांनी वयोवृद्ध इस्माईल मुख यास नासिरुद्दीन या नावाने सुलतान केले. १३४७ मध्ये त्याने आपले पद हसन गंगू यास दिले आणि बहमनी राज्याची स्थापना झाली. पुढे कटाच्या आरोपावरून नव्या सुलतानाने त्यास ठार करविले. पदत्याग केलेला राजा उत्तराधिकाऱ्यास निरुपद्रवी वाटत नाही, हे वास्तव नाथकथांत येत नाही.

आधुनिक मराठी साहित्यात वि. स. खांडेकर यांच्या ययाति (१९५९) या कादंबरीतील यती हा या परंपरेचा वारस म्हणता येईल. नहुषाचा हा ज्येष्ठ पुत्र शापाच्या भयाने बालपणीच राजवाडा सोडतो. परंतु त्याच्या वैराग्यात शांती नसून देहाचा व स्त्रीचा द्वेष आहे. त्याने सोडलेले राज्य भोगासक्त ययातीकडे जाते. जोगी झालेल्या राजाचा गौरव करणाऱ्या परंपरेला खांडेकरांनी अशा रीतीने एक प्रश्न विचारला : अधिकार असलेला मनुष्य निघून गेल्यावर त्याच्या जागी कोण येतो आणि त्याचे फळ कोणाला भोगावे लागते? गोपीचंदाच्या कथेत मुक्तचंदास गादीवर बसविण्याचा प्रसंग आवर्जून येतो, तो या प्रश्नाची जाण जुन्या कथाकारांनाही होती म्हणूनच.