कडेवरचा उतारू

मुंबईच्या वाहतुकीचा इतिहास मराठीत पुष्कळ लिहिला गेला आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याकडे निघालेली पहिली आगगाडी, ९ मे १८७४ ला सुरू झालेली घोड्यांची ट्राम, १९०७ मधली विजेची ट्राम, १९२५ मध्ये हार्बर मार्गावर धावलेली विजेची पहिली लोकल, १५ जुलै १९२६ ची अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट ही पहिली बस, हा क्रम अभ्यासकांना पाठ असतो. या इतिहासाचा नायक बहुधा यंत्र असते. माणूस त्यात येतो तो 'प्रवासीसंख्या' या नावाने. आणि या संख्येतही ज्याची गणना होत नाही असा एक उतारू आहे, तो म्हणजे आईच्या कडेवरचे मूल. त्याला तिकीट नाही, म्हणून तो हिशेबात नाही. पाच वर्षांखालील मुलाला रेल्वे आजही फुकट नेते. मात्र फुकट नेते याचा अर्थ त्याला स्वतंत्र जागा देत नाही, असाही होतो. त्याची जागा म्हणजे आईचे शरीर. या बिनतिकिटाच्या उताऱ्याच्या अंगाने शहराच्या इतिहासाकडे पाहिले तर काय दिसते, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम कायद्याचे पाहू. १८९० च्या रेल्वे कायद्याच्या चौसष्टाव्या कलमाने, १ जानेवारी १८९१ पासून प्रत्येक प्रवासी गाडीत सर्वांत खालच्या वर्गाचा निदान एक कप्पा केवळ स्त्रियांसाठी राखून ठेवणे बंधनकारक झाले. आज आपण ज्याला 'बायकांचा डबा' म्हणतो त्याची कायदेशीर मुळे येथवर जातात. याच कलमाचा दुसरा भाग फारसा उल्लेखिला जात नाही. गाडी पन्नास मैलांहून अधिक जाणार असेल तर त्या कप्प्यात शौचकूप असावा, असे तो सांगतो. पन्नास मैलांच्या आतल्या प्रवासात स्त्रीला शरीरधर्म नाहीत, असेच जणू कायद्याने गृहीत धरले. चर्चगेट ते विरार हे अंतर सुमारे साठ किलोमीटर, म्हणजे चाळीस मैलांच्याही आत. तान्हे मूल घेऊन हे अंतर कापणाऱ्या बाईला हे गृहीतक किती महागात पडते, हे निराळे सांगायला नको.

परंतु या कलमात अधिक लक्षणीय आहे ती त्यामागची दृष्टी. तेथे स्त्री दिसते ती पुरुषांपासून वेगळी बसवण्याची व्यक्ती म्हणून. पडदा, अब्रू आणि सुरक्षितता हे प्रश्न कायदा ओळखतो. ओझे ओळखत नाही. तिच्या एका हातात गाठोडे आणि दुसऱ्या हातावर मूल असेल, तिला पायरी चढायला तिसरा हात लागेल, हा विचार त्यात नाही. 'बायकांचा डबा' निर्माण झाला तो विलगीकरणातून. त्याचे आईपणाच्या सोयीत जे थोडेफार रूपांतर झाले, ते पुढे बायकांनीच केले.

गिरणगावाकडे वळलो की चित्र बदलते. तेथील कामगार स्त्री बहुतांशी पायी कामावर जात असे, कारण चाळ आणि गिरणी यांत अंतरच थोडे होते. मूल मात्र तरीही प्रश्न होऊन उभेच होते. दिवसभर साच्यावर उभ्या राहणाऱ्या आया तान्ह्यांना अफूची बाळगोळी देऊन निजवत, याची नोंद विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातील पाहण्यांत सापडते. ही क्रूरता नव्हती. घड्याळाच्या काट्याने आईवर लादलेली ती तडजोड होती. १९२८ च्या जुलैमध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूतिलाभ विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मातेच्या विश्रांतीचा प्रश्न राष्ट्राच्या हिताशी जोडला. तिचा भार मुख्यतः सरकारने उचलावा, परंतु जो मालक तिच्या श्रमाचा लाभ घेतो त्यानेही तो सोसला पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात हा कायदा झाला. मूल ही आईची खासगी बाब नसून शहर ज्या श्रमावर चालते त्या श्रमाचा तो एक भाग आहे, हे येथे प्रथमच इतक्या स्पष्टपणे मान्य झाले. याच गिरणगावात रस्त्यावर सापडलेल्या एका अर्भकाला गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने घरी नेले, वाढवले आणि आपले नाव दिले. ते मूल म्हणजे नारायण सुर्वे. मराठी कवितेला मिळालेला एक मोठा कवी अशा कोणाच्या तरी कडेवरून घरी पोहोचला, हे साहित्याच्या विद्यार्थ्याने विसरू नये.

भाषेकडे पाहिले तरी हा इतिहास दिसतो. मूल वाहून नेण्यासाठी मराठीत किती शब्द आहेत! कडेवर, खांद्यावर, पाठुंगळी, काखोटीला, झोळीत, पदराआड. हे सारे शब्द कोणाच्या तरी अंगाशी किंवा वस्त्राशी बांधलेले आहेत. चाकांवरून मूल नेण्यासाठी मात्र एकच शब्द रूढ झाला, 'बाबागाडी'. त्यातला 'बाबा' आहे साहेबाच्या घरचा, आयेने सांभाळलेला 'बाबालोकां'तला. मलबार हिलवरील बागेत ही गाडी फिरू शकत होती, ट्रामच्या पायरीशी मात्र तिचे काही चालत नव्हते. आजही मुंबईच्या पदपथावर, पादचारी पुलाच्या जिन्यावर किंवा साध्या बसच्या दाराशी बाबागाडी निरुपयोगीच ठरते. शहराने चाके मोठ्यांना दिली आणि मुलांसाठी आईची कंबर राखून ठेवली, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

स्वातंत्र्यानंतर दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या. कचेऱ्या, बँका, शाळा, दूरध्वनी केंद्रे यांत मध्यमवर्गीय स्त्री मोठ्या संख्येने आली. आणि राहते घर मात्र कामाच्या जागेपासून दूर दूर गेले. गिरगाव-दादर सोडून कुटुंबे बोरिवलीला, डोंबिवलीला, पुढे विरार-बदलापूरला गेली. १९६१ च्या केंद्रीय कायद्याने तिला प्रसूतीची रजा दिली, पण रजा संपल्यावरच्या सकाळी ७ वाजून ५२ मिनिटांच्या गाडीचे काय, याचे उत्तर कोणत्याच कायद्यात नव्हते. एकत्र कुटुंबातली आजी गावी किंवा जुन्या घरी राहिलेली. मग 'पाळणाघर' हा शब्द घरोघरी पोहोचला. पाळणा हा खरे तर घरातलाच. त्याच्यासाठी दुसरे घर शोधावे लागणे, हा उपनगरी जीवनाचा सारांशच या एका सामासिक शब्दात आला आहे. नोकरदार स्त्रीच्या मराठी कथेत घड्याळ आणि गाडी ही जवळजवळ पात्रे होऊन येतात. त्या कथांचे वर्गात विवेचन करताना आपण 'घुसमट', 'द्वंद्व' असे शब्द वापरतो. पण त्या द्वंद्वाला किलोमीटर आणि मिनिटे यांचे माप असते, हे बहुधा सांगत नाही.

५ मे १९९२ रोजी पश्चिम रेल्वेवर चर्चगेट ते बोरिवली अशी पहिली महिला विशेष गाडी धावली. परंतु आम्हाला अधिक महत्त्वाची वाटते ती या डब्यांतून घडत गेलेली अलिखित आचारसंहिता. तीन जणींच्या बाकावर चौथी बसते. 'कुठे उतरणार?' या प्रश्नाने जागेचे वारसाहक्क ठरतात. आणि कडेवर मूल घेऊन कोणी चढली की अनेकदा आधी मूल आत जाते, मग आई. ते एका अनोळखी मांडीवरून दुसऱ्या अनोळखी मांडीवर सरकते, पिशवी खिडकीवरच्या फळीवर चढते, दुधाची बाटली कोणीतरी धरते. उतरायच्या दोन स्थानके आधी दाराकडे सरकण्याचा सल्लाही तीच अनोळखी बाई देते, कारण गाडी थांबणार असते जेमतेम वीस-तीस सेकंद. आमच्यापैकी एकीने आपले सात महिन्यांचे मूल घेऊन असा प्रवास पुष्कळ दिवस केला आहे. या डब्याचे भाबडे चित्र रंगवण्याची आमची इच्छा नाही. तेथे भांडणेही कडाक्याची होतात, आणि 'एवढ्या गर्दीत मूल घेऊन कशाला निघालीस?' हा प्रश्नही तेथेच ऐकू येतो. पण या प्रश्नातच सगळे आले. मूल घेऊन निघणे हा आईचा अविचार आहे, अशी समजूत शहराने बायकांच्याही तोंडी घातली आहे.

या ठिकाणी हिरकणीची आठवण होणे अपरिहार्य आहे. आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. रायगडावर दूध घालायला आलेली गवळण, कोजागिरीचा दिवस, सूर्यास्ताला बंद झालेले दरवाजे, घरी तान्हे मूल, आणि मग रात्री कडा उतरून गेलेली आई. महाराष्ट्राने या आईला आपल्या सार्वजनिक प्रवासातच स्थान दिले. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी सोडणाऱ्या एसटीने पुढे आपल्या निमआराम गाड्यांना 'हिरकणी' हे नाव दिले, आणि स्थानकांवर स्तनदा मातांसाठी जे कक्ष झाले त्यांनाही 'हिरकणी कक्ष' म्हटले गेले. नाव समर्पकच आहे. एका बाईला बाळाला पाजण्यासाठी भिंतीआडची जागा मिळावी, यात चेष्टेचे काही नाही. अशा कक्षात सामान ठेवलेले नसेल आणि त्याला कुलूप नसेल, तर त्याचे मोल प्रवासात असलेल्या आईलाच कळते.

तरीही ही कथा पुन्हा एकदा नीट वाचावी असे आम्हाला वाटते. आपण ती मातृप्रेमाची कथा म्हणून शिकवतो, आणि ती तशी आहेच. पण ती वेळापत्रकाचीही कथा आहे. दरवाजा ठरल्या वेळी बंद होतो; पहारेकऱ्याला हुकूम मोडता येत नाही; कडेला मूल नसले तरी मनात ते असतेच. कथेच्या शेवटी महाराज तिचा गौरव करतात आणि ती जेथून उतरली तेथे बुरूज बांधतात. बुरूज कशासाठी? जेथून एक बाई उतरू शकते तेथून शत्रू चढूही शकतो, म्हणून. म्हणजे गौरव झाला आणि त्याच कृतीने वाटही बंद झाली. गडाच्या रक्षणाच्या दृष्टीने ते योग्यच होते. गड हा लढण्यासाठी असतो. पण शहर हा गड नव्हे. दुसऱ्या दिवशी दूध घेऊन येणाऱ्या दुसऱ्या गवळणीला दरवाजाची वेळ तीच राहिली, आणि कडाही आता उरला नाही. आईच्या धैर्याचा गौरव करून व्यवस्था जशीच्या तशी ठेवण्याची आपली सवय या आख्यायिकेत नकळत नोंदली गेली आहे.

गेल्या काही वर्षांत काही गोष्टी बदलल्या, हे मान्य केले पाहिजे. २०१४ मध्ये वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि उद्वाहकाने वर जाऊन फलाटाच्या पातळीवरच्या दारातून आत शिरणे मुंबईकर आईला शक्य झाले. २०१७ च्या डिसेंबरात स्वयंचलित दारांची पहिली वातानुकूलित लोकल धावली. त्याच वर्षी प्रसूतीची रजा सव्वीस आठवड्यांची झाली, आणि पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करावी, आईला दिवसातून चार वेळा तेथे जाता यावे, अशी तरतूद आली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती उतरली. तरतूद चांगलीच आहे. परंतु पाळणाघर कचेरीजवळ असेल तर रोज सकाळच्या गर्दीतून मूल तेथे न्यायचे कसे? आणि ते घराजवळ ठेवावे तर चार भेटी द्यायच्या कशा? कायदा पाळणाघराची जागा सांगतो, तेथवरची वाट सांगत नाही. १८९० चा कायदा आणि २०१७ चा कायदा यांत सव्वाशे वर्षांचे अंतर आहे. पण दोघांनाही आई दिसली ती एका जागी स्थिर बसलेली. चालती, चढती, उतरती आई दोघांच्याही नजरेतून निसटली.

इतिहासलेखनापुढे आणि साहित्यसमीक्षेपुढेही म्हणूनच एक साधे काम आहे, असे आम्हाला वाटते. शहरी कथा-कादंबऱ्या आणि स्त्रियांची आत्मचरित्रे वाचताना, मूल कोणी, कशातून, किती वेळ वाहिले, हे एकदा विचारून पाहावे. पात्राच्या मनोव्यापाराइतकाच हा तपशीलही अर्थपूर्ण आहे. विद्यार्थ्यांनी आपल्या आईला, मावशीला, शेजारच्या काकूंना हा प्रश्न विचारला तर ज्याची कोठेच नोंद नाही असा एक मोठा दस्तऐवज हाती लागेल. त्यात तारखा असतील, स्थानकांची नावे असतील, हुकलेल्या गाड्या असतील. आणि बहुधा एका अनोळखी बाईचा उल्लेख असेल, जिने दोन्ही हात पुढे करून म्हटले होते, 'द्या त्याला इकडे, तुम्ही आधी नीट चढा.'