अपत्य-प्रक्रियेचा जन्म

संगणकांत एका प्रोग्रामनें दुसरा प्रोग्राम सुरू करणें ही नित्याची गोष्ट आहे. चालत्या प्रोग्रामास प्रक्रिया म्हणतात; तिनें जन्मास घातलेली ती अपत्य-प्रक्रिया. हा जन्म कसा व्हावा, याचा विचार साठ वर्षांहून अधिक काळ चालला आहे.

१९६३ सालीं मेल्विन कॉनवे यांनीं एका निबंधांत 'फोर्क', म्हणजे फांटा फुटणें, ही कल्पना मांडली. ती बर्कलेच्या संगणकपद्धतींत उतरली, व तेथून केन टॉम्सन आणि डेनिस रिची यांच्या युनिक्समध्यें आली. त्यांचें पीडीपी-७ यंत्र इतकें तोकडें कीं, स्मृतींत एका वेळीं एकच प्रक्रिया मावे. बाकीच्या तबकडीवर ठेवाव्या लागत. चालत्या प्रक्रियेची नक्कल तबकडीवर उतरून ठेवली, कीं झालें अपत्य! या सोयीस असेंब्ली भाषेच्या अवघ्या २७ ओळी लागल्या, असें रिची यांनीं पुढें नमूद केलें आहे. गरिबीच्या संसारांत ही युक्ति शोभून दिसली.

संसार वाढला तशी अडचण दिसूं लागली. जन्मलेलें अपत्य बहुधा लगेच आपलें रूप टाकून निराळाच प्रोग्राम अंगावर घेतें. गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यांतील कारकुनास चंद्रपुरास एक निरोप धाडावयाचा आहे. त्यासाठीं त्यानें कचेरीचें सगळें दप्तर नकलून निरोप्याच्या डोक्यावर द्यावें, आणि फाटकाबाहेर पडतांच निरोप्यानें तें टाकून द्यावें, तशांतलाच हा प्रकार.

१९७९ मध्यें बर्कलेच्या ३बीएसडी युनिक्सनें 'व्हीफोर्क' आणिला. यांत नक्कल मुळींच होत नाहीं. अपत्य आईच्याच स्मृतींत वावरतें, आणि तें नव्या प्रोग्रामांत शिरेपर्यंत किंवा संपेपर्यंत आई थांबून राहते. धोका उघड आहे : मुलानें घर विसकटलें, तर आईस तें तसेंच सांपडणार. स्मृति वांटून वापरण्याची योग्य सोय होतांच हा उपाय काढून टाकला जाईल, असें माहितीपुस्तिकेंतच लिहिलें होतें. लिनक्समध्यें तो आजही आहे!

मध्यंतरीं, स्मृतीचें पान बदलेल तेव्हांच त्याची नक्कल करण्याची रीत रूढ झाली, आणि प्रश्न मिटला असें पुष्कळांस वाटलें. पण पानांची नक्कल टळली, तरी पानांच्या यादीची टळत नाहीं. ४ किलोबाइटचें पान धरिलें, तर १ गिगाबाइटचीं २,६२,१४४ पानें होतात. दर नोंदीस ८ बाइट, म्हणजे नुसती यादीच २ मेगाबाइट. थोराघरचें मूल सावकाश जन्मतें, तें यामुळें.

हें ओझें अखेर प्रोग्रामिंग भाषांच्या प्रमाण लायब्रऱ्यांनीं उतरविलें. गो भाषेच्या १.९ आवृत्तीनें २०१७ मध्यें लिनक्सवर व्हीफोर्कची वाट धरली. आपली गिटली ही सेवा त्यामुळें तीसपट जलद झाल्याचें गिटलॅबनें जाहीर केलें. पायथनमध्यें 'सबप्रोसेस' हा भाग २००४ पासून आहे. २०१९ च्या ३.८ आवृत्तीनें 'पॉझिक्स-स्पॉन' ही प्रमाणित सोय वापरून पाहिली, पण अटी अशा कीं नेहमींच्या वापरांत ती क्वचितच लागू पडे. त्याच वर्षीं कांहीं संशोधकांनीं फोर्कच मोडींत काढावा असा निबंध लिहिला. पायथनकारांनीं तितकी घाई केली नाहीं, हें बरेंच झालें. २०२१ च्या ३.१० आवृत्तींत त्यांनीं लिनक्सवर व्हीफोर्क आणिला, तोही जपून. जन्माच्या क्षणीं बाहेरचे संकेत अडवून धरावयाचे. आणि वापरणारास मुलाकडून आधीं स्वतःचें एखादें काम करवून घ्यावयाचें असेल, तर जुना फोर्कच बोलवावयाचा.