‘ध’ चा ‘मा’ आणि आमचे संगणक

धारच्या किल्ल्याशी निगडित असलेली एक आठवण आपणां माळव्यातील मराठी घराण्यांना जरा अवघड वाटावी अशी आहे. १० जानेवारी १७७५ रोजी दुसऱ्या बाजीरावाचा जन्म याच किल्ल्यात झाला. रघुनाथरावांची धावपळ चाललेली होती आणि आनंदीबाई पवारांच्या आश्रयाने येथे राहिल्या होत्या. त्यापूर्वी सुमारे सोळा महिने, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, पुण्यास शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला होता. ‘धरावे’ अशी जी आज्ञा होती तिच्यातील ‘ध’ चा ‘मा’ करून ती ‘मारावे’ अशी केली, हा बोल लोकांनी आनंदीबाईंच्या माथी मारला. इतिहासाने ही गोष्ट सिद्ध मानलेली नाही. तरीही अडीचशे वर्षे ती घरोघर सांगितली जाते, कारण तिच्यात एक खरे भय आहे : लिहिलेले अक्षर आपल्या पाठीमागे कोणी बदलले तर आपल्याला कळणार कसे?

आज संगणकापुढे बसलेल्या प्रत्येक गृहस्थाला हेच भय वेगळ्या रूपात भेडसावते. म्हणून जुन्या दफ्तराने या भयावर काय उपाय केले होते आणि आमच्या पिढीने काय केले, हे शेजारी शेजारी ठेवून पाहावे असे आम्हांस वाटले.

मराठी राजपत्राच्या माथ्यावर मुख्य मुद्रा असे, आणि मजकूर जिथे संपे तिथे लहान मोर्तब. ‘मर्यादेयं विराजते’ हे शिवकालीन मोर्तब पुष्कळांच्या परिचयाचे आहे. त्याचे काम त्याच्या शब्दांतच सांगितले आहे. लेखनाची मर्यादा येथे झाली. यापुढे कोणी ओळ वाढविली तर ती मोर्तबाच्या खाली पडेल आणि खोटी ठरेल. पत्र लांब असले तर कागदाचे बंद एकापुढे एक चिकटवीत आणि सांध्यावर पाठीमागून शिक्का उठवीत, म्हणजे मधला बंद काढून दुसरा घालणे कठीण जाई. मजकूर कारकुनाच्या हातचा आणि अखेरचे चार शब्द धन्याच्या हातचे, अशीही कित्येक पत्रे आहेत. मधले एखादे अक्षर बदलले गेले तर मात्र मोर्तबाचा इलाज चालत नसे. तिथे दफ्तरी ठेवलेली नक्कल ताडून पाहावी लागे.

या सर्व व्यवस्थेचा एक विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. कागद बदलला जाऊ नये याची ती काळजी घेई, परंतु तो पुढच्या माणसाला वाचता येऊ नये असे तिने कधी केले नाही. मोडी लिपी परक्याला गूढ वाटते. आधी शिरोरेषा ओढायची आणि मग हात न उचलता लिहीत जायचे. शब्द तोडलेले नाहीत, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही. पण ती शिकणाऱ्याला खुली होती. १७२८ साली देवासला पवार बंधूंच्या दोन गाद्या झाल्या आणि पुढे एकाच गावात थोरल्या पातीचे आणि धाकट्या पातीचे असे दोन कारभार चालले. तरी एका पातीचा कारकून दुसऱ्या पातीचा कागद हाती पडला तर सहज वाचू शके. इतिहासाचार्य राजवाडे १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडामागून खंड प्रसिद्ध करू शकले, त्याचे श्रेय त्यांच्या तपश्चर्येला आहेच. परंतु माळ्यावर धूळ खात पडलेला कागद उघडण्यासाठी कोणा मृत मालकाची परवानगी लागत नव्हती, हेही विसरून चालणार नाही.

आता आमच्या पिढीची हकीकत. १९४८ मध्ये धार आणि देवासच्या दोन्ही पात्या मध्य भारतात विलीन झाल्या, कचेरीची भाषा हिंदी झाली, मोडी मागे पडली आणि मराठी घरात राहिली. १९९० च्या पुढे गावात संगणकावर अक्षरजुळणी करणारी दुकाने निघाली, ती साहजिकच हिंदीची होती. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकने भारतीय लिप्यांसाठी मोठे काम केले होते. १९९१ मध्ये इस्की नावाचे भारतीय मानकही ठरले होते. परंतु छापखान्यांनी आणि दुकानांनी आपापल्या सोयीचे टंक घेतले. महाराष्ट्रात श्रीलिपी आणि आकृती, आमच्याकडे कृतिदेव. प्रत्येकाची मांडणी निराळी.

यात कोणती मेख होती ती तेव्हा आम्हां कोणालाच कळली नाही. संगणक अक्षर जाणत नाही, आकडा जाणतो. रोमन लिपीच्या पहिल्या लहान अक्षराचा आकडा ९७. जुन्या टंकांनी एवढेच केले की त्या आकड्यापुढे रोमन अक्षराऐवजी एखाद्या देवनागरी आकाराचे चित्र बसविले. पडद्यावर मराठी दिसे, आत मात्र रोमन आकडेच साठत. तो टंक त्या यंत्रावर नसेल तर सारा मजकूर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक खिचडी होऊन समोर येई.

आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताचे हेच झाले. वडीलधाऱ्या काकासाहेबांनी बारा वर्षे पत्रव्यवहार करून नऊ पिढ्यांची नावे जुळविली होती. १९९० नंतरच्या दशकात ती अक्षरजुळणी झाली, मोजक्या प्रती छापल्या, आणि ‘आता हे कायमचे सुरक्षित झाले’ असे सांगून दुकानदाराने दोन फ्लॉपी आमच्या स्वाधीन केल्या. काकासाहेबांनी त्या मोडी कागदांच्या ट्रंकेतच, रेशमी रुमालात बांधून ठेवल्या. पुढे दुसरी आवृत्ती काढायचे ठरले तेव्हा फ्लॉपी वाचणारे यंत्र शोधण्यातच महिना गेला. एक फ्लॉपी उघडलीच नाही. दुसरी उघडली, पण जो टंक वापरला होता त्याची आज्ञावली एका लहानशा कुलूप-खुंटीवाचून चालत नसे, आणि ती खुंटी दुकान बंद झाले तेव्हा कोठे गेली हे दुकानदाराच्या मुलालाही ठाऊक नव्हते. चोराने नक्कल करू नये म्हणून केलेले ते कुलूप होते. चोर आला नाही. मालक मात्र बाहेर राहिला.

शेवटी एका नातवाने रूपांतर करणारी आज्ञावली मिळवून मजकूर नव्या पद्धतीत आणला. त्यात ‘ध’ चा ‘मा’ झाला नाही, परंतु ‘ळ’ चा ‘ल’ सर्वत्र झाला आणि होळकर ‘होलकर’ झाले. ते तर आपण बाहेर रोजच ऐकतो, म्हणून कोणाला खटकले नाही. पुढे ‘ऱ्य’ चा ‘र्य’ झाला. आमचे मूळपुरुष सह्याद्रीच्या दऱ्यांतून माळव्यात आले असे काकासाहेबांनी लिहिले होते. नव्या प्रतीत ते ‘दर्यांतून’ आले. नऊ पिढ्या घोड्यावर बसून आलेल्या घराण्याला यंत्राने एका रात्रीत समुद्रावर घातले! आम्ही हसलो खरे, पण मग छापील प्रत पुढे ठेवून एकेक ओळ ताडून पाहावी लागली. जुन्या दफ्तरातील नकलेचे महत्त्व त्या दिवशी आम्हांस कळले.

ही अडचण दूर करणारी व्यवस्था तेव्हाही जगात होती. १९९१ च्या युनिकोडने प्रत्येक लिपीतील प्रत्येक अक्षराला स्वतंत्र आकडा दिला. ‘ध’ चा २३४३, ‘म’ चा २३५०. टंक कोणताही असो, आकडा तोच. विंडोज २००० पासून घरगुती संगणकावर देवनागरीची ही सोय आली, आणि तिच्यासोबत आलेला ‘मंगल’ हा टंक घडविणारे सुलेखनकार र. कृ. जोशी हे मराठीच होते. मराठीच्या ‘ऱ्य’ साठीही युनिकोडात सोय आहे. इतकेच नव्हे, २०१४ साली मोडीलाही युनिकोडात स्थान मिळाले. असे असताना पुढे कितीतरी वर्षे आमच्या गावात स्मरणिका आणि लग्नपत्रिका जुन्याच टंकात जुळत राहिल्या, याचा दोष यंत्राकडे जात नाही. दुकानदाराला आम्ही कधी विचारलेच नाही.

आता सुरक्षेचा विचार करू. संगणकाच्या संरक्षणाविषयी आम्हां वयस्कर मंडळींची तक्रार अशी की ते थांबतच नाही. १९८६ मध्ये लाहोरच्या दोघा भावांनी ‘ब्रेन’ हा विषाणू लिहिला, तो फ्लॉपीवरून पसरे आणि त्यात त्यांनी आपले नाव-पत्ताही घातला होता. तो सभ्यपणा पुढे राहिला नाही. विंडोज एक्सपी हाताला बसते न बसते तोच ८ एप्रिल २०१४ पासून त्याच्या दुरुस्त्या बंद झाल्या. विंडोज १० ची हीच गत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी झाली. चालते यंत्र असुरक्षित म्हणून बाजूला ठेवा, हे आमच्या काटकसरी मनाला पटत नाही. पण पडलेले खिंडार कोणी बुजविणार नसेल तर त्या किल्ल्यात राहण्यात शहाणपण नाही, हेही खरे.

‘पासवर्ड’ला मराठीत परवलीचा शब्द म्हणतात. हा शब्द छावणीच्या रात्रपहाऱ्यातला आहे. परवल लहान असे, तोंडी सांगितली जाई आणि तिचे काम संपले की ती सोडून देत. आता प्रत्येक खात्याला निराळी परवल, तीत मोठे अक्षर, आकडा आणि एक चमत्कारिक चिन्ह, आणि तीन महिन्यांनी ती बदलायची. या जाचाचा उगम बराचसा २००४ साली अमेरिकेच्या मानक संस्थेने काढलेल्या एका पुस्तिकेत आहे. ती लिहिणारे बिल बर यांनी २०१७ मध्ये त्यातील बऱ्याच सल्ल्याबद्दल खेद व्यक्त केला, आणि त्याच वर्षी संस्थेने मुदतवारी बदलाची सक्ती करू नये, लांब शब्दावली चालू द्यावी, असे नवे मार्गदर्शन दिले. लोक कंटाळून सोपे शब्द वापरतात आणि शेवटचा आकडा तेवढा वाढवितात, हे एव्हाना ध्यानात आले होते. आमच्या घरातही हेच चालले होते.

देवासकरांना सुरक्षा म्हणजे काय हे कोणी शिकवायला नको. १९७४ पासून येथे बँक नोट मुद्रणालय आहे. जलचिन्ह, धागा, शाई, तपासणी यांत गावातील कित्येक घरांचे आयुष्य गेले. तरी जानेवारी २०१८ मध्ये तेथील एका अधिकाऱ्यालाच नोटा चोरून नेल्याबद्दल अटक झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये १९०६ सालच्या पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून चोरट्यांनी संगणकाच्या मार्गे सुमारे ९४ कोटी रुपये दोन-तीन दिवसांत पळविले, आणि त्यातला मोठा भाग अनेक देशांतील यंत्रांतून बनावट कार्डांनी काढला गेला. एका ठिकाणी आतला माणूस, दुसऱ्या ठिकाणी हजारो कोसांवरचा. शिक्का कितीही चांगला असला तरी तो उठविणारा हात आणि पाहणारा डोळा यांवरच सारे अवलंबून राहते.

गेल्या काही वर्षांत या हाताला आणि डोळ्यालाच फसविण्याचा धंदा निघाला आहे. आमच्या परिचयातील एका वृद्ध मावशींना दूरध्वनी आला की तुमच्या नावे गुन्हा आहे, पडद्यासमोरून उठू नका, कोणाला सांगू नका. त्या चार तास तशाच बसून होत्या. सून बाजारातून आली म्हणून पैसे वाचले. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची कोणतीही तरतूद आपल्या कायद्यात नाही, आणि फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे, एवढे प्रत्येक घरी भिंतीवर लिहून ठेवावे. ‘कोणाला सांगू नका’ ही त्या आज्ञेतील खोटेपणाची खूण आहे. जुन्या खऱ्या पत्राला शिक्का, दुसऱ्याचा हात आणि दफ्तरातील नक्कल लागे. एकट्याने गुपचूप मानावी अशी आज्ञा त्या काळीही संशयास्पदच ठरली असती.

मोर्तबाचे काम करणारी वस्तू आजही आहे. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने अंकीय स्वाक्षरीला मान्यता दिली. संपूर्ण मजकुरातून गणिताने एक लहान आकडा काढायचा आणि तो सही करणाऱ्याच्या खासगी किल्लीने बंद करायचा. एक अक्षर बदलले तरी तो आकडा जुळत नाही. जुन्या मोर्तबाला न साधलेली गोष्ट येथे साधते : मजकुराच्या मधोमध ‘ध’ चा ‘मा’ केला तरी तो उघडकीस येतो, आणि मजकूर मात्र सर्वांना वाचता येतो.

म्हणून संगणकावर आम्ही रुसलेलो नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे की बदलाला प्रतिबंध आणि वाचनाला प्रतिबंध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि घराण्याच्या कागदांना पहिल्याची गरज आहे. काकासाहेब गेले तेव्हा त्यांचे टिपणांचे खाते त्यांच्याबरोबरच बंद झाले. परवलीचा शब्द त्यांनी कोणालाही सांगितला नव्हता, कारण सांगू नये असे आम्हीच त्यांना बजावले होते. पैशाच्या खात्याला तो नियम योग्यच आहे. पण आजोबांची टिपणे, आजीची पत्रे, जुनी छायाचित्रे यांच्या किल्ल्या एका बंद लिफाफ्यात, घरातील एका विश्वासू माणसाला माहीत असाव्यात. मराठी मजकूर युनिकोडात असावा, दोन ठिकाणी असावा, आणि त्याची एक कागदी प्रत ट्रंकेत असावी.

आमच्या त्या ट्रंकेत आज तीन गोष्टी आहेत. अठराव्या शतकातील मोडी कागद, जे मोडी शिकलेली आमची पुतणी वाचते. कुलवृत्तांताची छापील प्रत, जी सर्वांना वाचता येते. आणि रेशमी रुमालातल्या त्या दोन फ्लॉपी. त्या आम्ही टाकून दिलेल्या नाहीत. नव्या आवृत्तीच्या शुद्धिपत्रात त्यांची हकीकत नोंदविली आहे. ‘दर्यांतून’ च्या जागी ‘दऱ्यांतून’ वाचावे, ही त्यातील पहिली ओळ आहे.