डी.एल.एड. की बी.एड.? आधी वर्ग ठरवा

शिक्षक व्हायचंय? मग कॉलेज शोधण्याआधी ठरवा, कितवीच्या मुलांना शिकवायचं आहे.

पहिली ते पाचवी: बारावीनंतर दोन वर्षांचं डी.एल.एड. (पूर्वीचं डी.एड.) आणि टीईटीचा पेपर १.

सहावी ते आठवी: पदवी, सोबत डी.एल.एड. किंवा बी.एड. आणि टीईटीचा पेपर २. त्यात गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्र निवडावं लागतं.

नववी-दहावी: शिकवायच्या विषयातली पदवी आणि बी.एड.

अकरावी-बारावी: त्याच विषयात पदव्युत्तर पदवी आणि बी.एड.

गफलत होते ती पहिल्या टप्प्यात. ‘बी.एड. मोठं, म्हणजे सगळीकडे चालेल’ हा समज चुकीचा आहे. पाचवीपर्यंतच्या वर्गांसाठी बी.एड. ही पात्रता धरता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी दिला.

समजा, मावळातल्या वडिवळ्याच्या मुलीला जिल्हा परिषद शाळेत पहिलीला शिकवायचं आहे. तिने कामशेतहून रोज लोकल पकडून तीन वर्षं पदवी आणि पुढे दोन वर्षं बी.एड. केलं, तरी त्या जागेसाठी ती अपात्रच. डी.एल.एड. मात्र दोन वर्षांत होतं.

हायस्कूलमध्ये शिकवायचं असेल, तर पदवीचा विषय जपून निवडा. बी.एड.ची अध्यापन पद्धती त्यावरच ठरते.