खोडदची साक्ष

इ. स. १६०४ च्या शरदांत भुजंगधारी तारकासमूहांत एक नवा तारा प्रकट झाला. वऱ्हाड मोगलांकडे जाऊन तेव्हां आठ वर्षें झालीं होतीं. एलिचपुरास किंवा बाळापुरास संध्याकाळीं गच्चीवर उभ्या असलेल्या मनुष्यास तो नुसत्या डोळ्यांनीं दिसला असता. केप्लरनें त्यावर ग्रंथ लिहिला; तारा वर्षाहून अधिक काळ दिसत राहिला. असे स्फोट सावकाश विझतात आणि पाहणाऱ्यास विचारास अवसर देतात.

१६ जून २०१८ रोजीं हवाई बेटांवरील दुर्बिणीस जो स्फोट सांपडला, त्यानें असा अवसर दिला नाहीं. दोन-तीन दिवसांतच तो तेजाच्या शिखरास पोंचला, नेहमींच्या अतिनवताऱ्याच्या दसपट तरी झळकला, आणि कांहीं आठवड्यांत मावळला. नोंदवहींतील अनुक्रमानें त्याच्या वाट्यास जीं तीन अक्षरें आलीं त्यांचा इंग्रजींत ‘गाय’ असा अर्थ होतो. ज्योतिर्विदांनीं तेंच नांव आनंदानें उचललें! त्या रात्रीं अकराच्या सुमारास ही गाय शौरी तारकासमूहांत, अमरावती-अकोल्याच्या जवळजवळ माथ्यावरून, खस्वस्तिकापासून अवघ्या दीड अंशावरून गेली. डोळ्यांस मात्र ती दिसण्याजोगी नव्हती.

स्फोट विझला तरी त्याचें घर मागें राहतें. हें घर म्हणजे सुमारें वीस कोटी प्रकाशवर्षांवरील एक लहानशी दीर्घिका. तिच्यांतील हायड्रोजन वायू २१ सेंटिमीटर लांबीच्या रेडिओलहरी सोडतो. त्या टिपण्याचें काम नारायणगांवाजवळील खोडदच्या दुर्बिणीचें. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानें उभारलेल्या तिच्या ३० तबकड्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या आहेत, आणि पावसाळी ढगांची तिला अडचण नाहीं. शोध घेण्यामागील तर्क सोपा आहे : प्रचंड तारे अल्पायुषी असल्यामुळें जन्मस्थानापाशींच मरतात, तेव्हां स्फोटाजवळ दाट वायू आढळला, तर मेलेला तारा प्रचंड असावा.

२०१९ सालीं रॉयचौधुरी, अरबसलमानी व निस्सीम काणेकर यांस त्या दीर्घिकेंत दाट वायूचें एक वांकडेंतिकडें कडें दिसलें. स्फोट त्या कड्यांतच होता. शेजारच्या दीर्घिकेशीं झालेल्या ओढाताणीनें तें बनलें असावें, असा त्यांचा तर्क. त्याच वर्षीं पोलंडचे मिहावोव्स्की व त्यांचे सहकारी यांनीं खोडदच्याच निरीक्षणांवरून उलट कौल दिला. स्फोटापाशीं वायूचा विशेष सांठा नाहीं, कडें दीर्घिकेच्या मध्यांतील दांड्याच्या ओढीनें बनलें, आणि मेलेला तारा प्रचंड नसेलही. साक्षीदार एक, जबान्या दोन! मला वाटतें, दोष साक्षीदाराचा नव्हे; इतक्या दूरच्या घराचा एकच नकाशा किती बारकाईनें वाचावा, हा खरा तंटा आहे.

२०२१ सालीं पहिल्या पक्षास कांहींसें बळ मिळालें. गायीपासून येणारे क्ष-किरण सेकंदास सुमारें २२४ वेळां स्पंदत असल्याचें उघड झालें. म्हणजे आंत न्यूट्रॉन तारा किंवा लहानसें कृष्णविवर असावें, जें ताऱ्याच्या मरणानंतर उरतें. पण एप्रिल २०२३ मध्यें याच जातीचा दुसरा एक स्फोट दोन दीर्घिकांमधील मोकळ्या जागेंत आढळला. मोठी दीर्घिका तेथून सुमारें ५० हजार प्रकाशवर्षें दूर आहे, लहान सुमारें १५ हजार. प्रचंड ताऱ्याचें तुटपुंजें आयुष्य एवढी वाट चालण्यास पुरणें कठीण.